मोर्चाला येता, तसे तारखेलाही या

प्रति,
कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातल्या सर्व तालीम संस्था व तरुण मंडळांचे अध्यक्ष, पदाधिकारी आणि कार्यकर्ते यांस,

सप्रेम नमस्कार.

मी शिवाजी पेठेत वाढले. माझे वडील पहाटे तालमीत जायचे आणि उजाडताना कानशिलावर लाल माती घेऊन घरी यायचे. आमच्या गल्लीत कुणाच्या घरी काही अडलं की पहिला निरोप तालमीत जायचा. मयत असो, बारसं असो, मध्यरात्री बाळंतीण अडलेली असो, चार पोरं पाच मिनिटांत दारात हजर. म्हणून हे पत्र जिल्हाधिकाऱ्यांना किंवा पोलीस अधीक्षकांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. साहेब लोकांची बदली होते. तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथेच आहात.

तीस वर्षं मी शाळेत शिकवलं. निवृत्तीच्या थोडं आधी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली, दार लावून घेतलं आणि म्हणाली, "बाई, माझ्यासोबत पोलिसांत याल?" गेले. तेव्हापासून, म्हणजे गेली नऊ वर्षं, लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुलींबरोबर आणि बायकांबरोबर मी दवाखान्यात, पोलीस ठाण्यात, कोर्टात आणि समुपदेशकाकडे जाते. मी वकील नाही, डॉक्टर नाही. सोबतीला जाते, एवढंच माझं काम. आपल्याकडे लेक रात्रीच्या एसटीने निघाली तरी आई आधी विचारते, "सोबत कोण हाय?" तेवढीच सोबत.

गेल्या वर्षीची कोर्टातली एक तारीख सांगते. कुणाची ओळख पटू नये म्हणून वय, नातं, गाव सगळं बदललं आहे, पण बाकावरचा दिवस जसा गेला तसाच लिहिते आहे.

साडेदहाला आम्ही दोघी कोर्टात पोचलो. एकोणीस वर्षांची ती, आणि मी. आई गुऱ्हाळावर कामाला. हंगाम चालू होता, खाडा केला असता तर मुकादमाने दुसरी बाई लावली असती. वडिलांनी लेकीशी बोलणं टाकलेलं. समोरच्या बाकावर आरोपी, आणि त्याच्याबरोबर सात पोरं. सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे टी-शर्ट, पाठीवर मंडळाचं नाव. कुठल्या मंडळाचं ते मी लिहिणार नाही. त्यांनी शिवी दिली नाही, धमकी दिली नाही. नुसते बसले होते. एकजण मोबाईलवर काहीतरी बघत मोठ्याने हसत होता. पोरीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली आणि बोटाचं पेर पांढरं पडेपर्यंत आवळलं. दुपारी मी डबा उघडला. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. तिने घास मोडला, हातात धरला आणि तसाच परत डब्यात ठेवला. साडेतीनला कळलं, आज काम चालणार नाही. पुढची तारीख मिळाली. जिना उतरताना ती म्हणाली, "बाई, त्याच्या बाजूनं केवढी माणसं आली ओ. माझ्या बाजूनं तुमी एकट्याच."

त्या सात पोरांना आपण काय करतो आहोत हे नीटसं ठाऊक नसावं, असं मी स्वतःला अजून सांगते. मित्र अडचणीत आहे, त्याच्या पाठीशी उभं राहायचं, एवढंच त्यांना कळत होतं. पाठीशी उभं राहणं तुमच्या रक्तात आहे. ते तुम्ही कुणासाठी वापरता, यावर मला बोलायचं आहे.

मोर्चांना मी नावं ठेवत नाही. कोपर्डीच्या घटनेनंतर, ऑक्टोबर २०१६ मध्ये, या शहरात निघालेला मूक मोर्चा मी पाहिला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतला प्रकार बाहेर आला तेव्हा अख्खं राज्य हललं. गर्दीने सरकार हलतं, आणि हलायलाच हवं. नुसत्या एका पत्रानेही हललेलं आहे. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिची संमती होती, असं मानून सर्वोच्च न्यायालयाने दोन पोलिसांना सोडलं. त्यावर उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. बायका रस्त्यावर उतरल्या, आणि १९८३ साली कायदा बदलला. पीडितेचं नाव छापायला बंदी आली ती त्याच बदलातून.

पण मोर्चा एक दिवसाचा असतो आणि खटला वर्षानुवर्षांचा. पोक्सो, म्हणजे अठराच्या आतल्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्यात लिहिलंय की मुलाची साक्ष तीस दिवसांत नोंदवावी आणि खटला शक्यतो वर्षात संपवावा. त्या 'शक्यतो'त किती तारखा मावतात, हे मी बाकावर बसून मोजलं आहे. मेणबत्त्या विझल्यावर त्या घरात कोण जातं? नातेवाईक यायचे थांबतात. शेजारीण पोरीला हळदी-कुंकवाला बोलवत नाही. भाऊ म्हणतो, गाव सोडूया. नेमकी तेव्हा माणसं लागतात, आणि तेव्हाच ती नसतात.

२०१९ च्या ऑगस्टात महापूर आला तेव्हा काय केलंत आठवा. पंचगंगा पात्र सोडून घराघरांत शिरली होती. तुमच्या पोरांनी म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन बाहेर काढलं, खिचडी शिजवली, पाणी ओसरल्यावर परक्यांच्या घरातला गाळ खोऱ्याने उपसला. तेव्हा कुणी कुणाला विचारलं नाही, की तुम्ही नदीकाठी राहायलाच का गेला, पाणी येताना ओरडला का नाहीत, इतक्या उशिरा का सांगताय. माणूस बुडतंय म्हटल्यावर हात दिला. या पोरींना मात्र हे तिन्ही प्रश्न विचारले जातात. आणि बहुतेक वेळा ते विचारणारी माणसं घरचीच असतात.

"ओरडली का नाही" या प्रश्नाचं उत्तर मला समुपदेशक ताईंकडून कळलं, ते सांगते, कारण हा प्रश्न मीही एकेकाळी मनात विचारला होता. जिवावर बेतलं की माणूस लढतो किंवा पळतो असं आपण धरून चालतो. तिसरंही होतं. अंग थिजतं. हात हलत नाहीत, घशातून आवाज फुटत नाही. हे ठरवून होत नाही, शरीर परस्पर करतं. मुकाट राहिली म्हणजे तयार होती, हा अर्थ आपण बाहेरून लावतो. तसंच आठवणींचं. घड्याळात किती वाजले होते ते आठवत नाही, पण भिंतीवरच्या कॅलेंडरवर कुठल्या दुकानाचं नाव होतं ते आठवतं. मग उलटतपासणीत म्हणतात, बघा, जबाब जुळत नाही.

समुपदेशन या शब्दाचा आपल्याकडे फार घोटाळा झाला आहे. समुपदेशन म्हणजे समजूत घालणं, असं लोकांना वाटतं. 'झालं गेलं विसर', 'लग्न झालं की सगळं ठीक होईल', 'घराची अब्रू बघ' हे सांगायला कुणी ताई बोलवायची, आणि पोरगी गप्प झाली की समुपदेशन झालं. हे समुपदेशन नव्हे. हे तोंड दाबणं आहे.

खरं कसं चालतं ते एकदा जवळून बघितलं. चाळिशीची एक बाई होती. मी एरवी बाहेर थांबते, पण त्या दिवशी तिनेच मला आत बसा म्हटलं. मध्येच तिचा श्वास लागला, नजर कुठेतरी लांब गेली, ती त्या खोलीत उरलीच नाही. समुपदेशक ताईंनी तिला हात लावला नाही, घटनेबद्दल एक अक्षर विचारलं नाही. शांतपणे म्हणाल्या, "पाय फरशीवर टेका. गार लागतंय का?" थोड्या वेळाने मान हलली. "आता या खोलीतल्या निळ्या वस्तू सांगा." ती शोधू लागली. "पडदा... बाटलीचं टोपण... तुमचं पेन." तिसऱ्या वस्तूला श्वास जागेवर आला. या बाईला घटनेनंतर केएमटीच्या बसमध्ये चढता येत नव्हतं. गर्दीत मागून कुणी टेकलं की अंगाला दरदरून घाम फुटायचा. पाचव्या महिन्यात एका दुपारी तिचा फोन आला. "बाई, दोन स्टॉप आले. डायवरच्या मागच्या शीटवर बसून." बारावीत बोर्डात आलेल्या पोरींचे फोन मला आले आहेत. या फोनला मी जास्त रडले.

पाच महिने, दर आठवड्याला एक बैठक. कुणाला वर्ष लागतं, कुणाला मध्येच थांबून परत यावं लागतं. खाजगी ठिकाणी एका बैठकीला दोन-तीन दिवसांची हजेरी जाते. चंदगडच्या टोकाकडून येणाऱ्या बाईला शंभर किलोमीटर यायचं, शंभर किलोमीटर जायचं, आणि घरी काय कारण सांगायचं ते वेगळंच. बहुतेक जणी तिसऱ्या-चौथ्या बैठकीला गळतात. बऱ्या झाल्या म्हणून नव्हे, परवडत नाही म्हणून. सरकारी वाटा आहेत. सखी वन स्टॉप सेंटर आहे, तिथे समुपदेशन, कायद्याची मदत आणि तात्पुरता निवारा एका छताखाली मिळतो. मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा, काही प्रकरणांत दहा लाखांपर्यंत अर्थसाहाय्य आहे. पण अर्ज कोण भरून देणार, बँकेत कोण येणार, त्रुटी काढून कागद परत आला की पुन्हा कोण धावणार? योजना कागदावर असते, तिथपर्यंत हात धरून नेणारं माणूस लागतं. पोक्सोच्या नियमांत लहान मुलांसाठी अशी सहाय्यक व्यक्ती बाल कल्याण समितीने द्यायची सोय आहे, आणि ही ऐच्छिक बाब समजू नका असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली बजावलं. अठरा ओलांडलेल्या बाईला मात्र सोबत आपली आपणच शोधावी लागते.

आता अवघड गोष्टीकडे येते. तुम्ही हे पत्र इथपर्यंत वाचलंत, आता पुढचं टाळू नका.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी वर्षानुवर्षं एकच सांगते: बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. म्हणजे शेजारचा, नात्यातला, शिकवणीचा, कामावरचा. म्हणजे कधी ना कधी तो तुमच्या मंडळाचा असणार. वर्गणीला तुमच्याबरोबर फिरलेला, मिरवणुकीत तुमच्या खांद्याला खांदा लावून नाचलेला. त्या दिवशी तालमीच्या माडीवर बैठक बसते. दोन्हीकडची चार मोठी माणसं येतात, चहा येतो, आणि 'पोरांचं आयुष्य आहे, मिटवून टाका' असं ठरतं. पोरीच्या बापाला कोपऱ्यात बसवतात. पोरगी तर तिथे नसतेच. मी अशा एका बैठकीच्या दारात उभी राहिले आहे. आत घेतलं नाही.

भावांनो, हा गुन्हा बैठकीत मिटत नाही. कायद्यात त्याला तडजोड नाही. पोरगी अठराच्या आतली असेल तर माहिती असून पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा आहे. आणि लग्न लावून देण्याचा तोडगा काढता, तेव्हा तिला रोज रात्री त्याच खोलीत कोंडता, हे डोळ्यांसमोर आणा. मी तुम्हाला न्यायनिवाडा करायला सांगत नाही. तो दोषी की निर्दोष ते कोर्ट ठरवेल, त्याला वकील मिळेल, त्याची आई त्याला डबा नेईल, तिने न्यावाच. मी एवढंच मागते की मंडळ म्हणून तुम्ही त्या बाकावर टी-शर्ट घालून बसू नका. माडी बैठकीला देऊ नका. आणि ज्या पोराला बाजू घ्यायचा मोह होतोय, त्याला अध्यक्षांनी स्वतः बाजूला घेऊन सांगावं. तुमचं ऐकतील. माझं ऐकणार नाहीत.

आणखी एक गोष्ट, ती तुमच्याच माडीवरची आहे. सोसणारे मुलगेही असतात. कोवळी पोरं घरदार सोडून तालमीत राहायला येतात, वस्तादाला बाप मानतात. पोक्सो कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. पण 'तू पैलवान, तुला कोण काय करणार' या वाक्यामुळे पोरगा जन्मभर तोंड उघडत नाही. अठरा ओलांडलेल्या पुरुषाला तर नव्या भारतीय न्याय संहितेत यासाठी कलमच उरलेलं नाही. वस्तादांनी वर्षातून एकदा तरी पोरांना समोर बसवून सांगावं: असं काही झालं तर मला सांग, मी तुझ्यावर विश्वास ठेवीन. एवढं वाक्य पुरे.

मग करायचं काय? शहरातल्या बऱ्याच तालमींच्या आणि मंडळांच्या दारात फळा असतो, त्याच्यावर मयताची बातमी आणि सामन्याची वेळ लिहिता. त्याच फळ्याच्या कोपऱ्यात चार नंबर कायमचे रंगवून घ्या: तातडीला ११२, बायकांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, मनाच्या त्रासासाठी टेली-मानस १४४१६. खाली लिहा, की सरकारी असो वा खाजगी, कुठल्याही दवाखान्याने अशा बाईवर ताबडतोब आणि फुकट उपचार करायचे असतात, नाकारणं गुन्हा आहे. आणि एचआयव्हीला प्रतिबंध करणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, म्हणून आधी दवाखाना, बाकीचं नंतर. हद्दीचं कारण सांगून कुणी परत पाठवलं तर झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो.

दुसरं, वर्गणी. तुमचा गणपती लहान करा असं मी म्हणणार नाही, मीही त्याच मिरवणुकीत दरवर्षी उभी असते. पण त्यातला एक वाटा वेगळा काढा, प्रवासाला, बुडालेल्या हजेरीला, समुपदेशकाच्या बैठकींना. तो पैसा तुमच्या हातून थेट त्या घरी जायला नको. नाव कळलं की कुजबुज सुरू होते, आणि तिची ओळख उघड करणं हाही गुन्हाच, दोन वर्षांपर्यंत शिक्षेचा. फ्लेक्सवर, स्टेटसवर, 'आमच्या भगिनीला न्याय द्या' म्हणत फोटो टाकण्यातही तेच येतं. तेव्हा पैसा एखाद्या नोंदणीकृत संस्थेकडे द्या, हिशोब मागा, नाव मागू नका.

आणि सोबत. प्रत्येक तालमीच्या मागे घरं आहेत, घरांत बायका आहेत. तुमच्या आया, वहिन्या, बहिणी. मला पेठेगणिक दोन बायका हव्या आहेत. सुनावणी बंद दालनात होते, आत सगळ्यांना जाता येत नाही. पण बाहेरचा बाक, जिना, चहाची टपरी, एसटी स्टँड, सोबत लागते ती तिथेच. काय करायचं ते दोन रविवारांत शिकवता येतं. काय नाही करायचं ते शिकवायला जास्त वेळ लागतो: काय झालं ते विचारायचं नाही, 'सगळं बोलून मोकळी हो' म्हणून उकरायचं नाही, तिच्या वतीने निर्णय घ्यायचा नाही, तिने तक्रार करायची नाही ठरवलं तर तोंड फिरवायचं नाही. पाणी हवं का विचारायचं, दाराकडे पाठ करून बसवायचं नाही, आणि परत येताना घरापर्यंत जायचं. पुरुषांनाही काम आहे. कुणी रिक्षा चालवत असेल तर एक फेरी द्या. कुणी बँकेत असेल तर अर्ज तपासून द्या.

हे जमेल का, असं वाटत असेल तर शिरोळ तालुक्यातलं हेरवाड आठवा. मे २०२२ मध्ये त्या गावाने ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. पिढ्यान्‌पिढ्यांची चाल एका सभेत मोडली. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून बाकी गावांनाही हेरवाडसारखं करा म्हटलं. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात यावं म्हणून आपण चाळीसेक वर्षं चिकाटी धरली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते आलं. न्यायाची इमारत मिळवायला इतकी वर्षं लढणाऱ्या गावाला इमारतीबाहेरच्या बाकावर दोन बायका बसवणं जड नाही.

एक मुलगी मला म्हणाली होती, "मला पीडिता म्हणू नका, बाई. माझं नाव हाय की." तिचं नाव मला कुठे लिहिता येत नाही, आणि तो शब्द मला तिच्यासाठी वापरवत नाही. म्हणून या पत्रात जिथे जमलं तिथे पोरगी म्हटलंय, बाई म्हटलंय. तुम्हीही तसंच म्हणा.

कुठल्याही तालमीच्या बैठकीला यायला मी तयार आहे. रात्री दहाला बोलावलंत तरी येईन. पुढच्या महिन्यात त्या बाकावरच्या पोरीची साक्ष आहे. तारीख आणि वेळ मी फोन करणाऱ्या बाईलाच सांगेन. दोघी आल्या तर पुरे. साध्या कपड्यांत या, सकाळी दहाला. डबा मी आणते.

आपली,
शिवाजी पेठेतली एक निवृत्त शिक्षिका